मुंटर्सचा रोटर डिह्युमिडिफायर : चाकाची पारख आणि चाकामागचा माणूस

स्वीडनच्या मुंटर्स कंपनीच्या रोटर डिह्युमिडिफायरचं, म्हणजे फिरत्या चाकाने हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राचं, झाकण उघडलं की समोर एक जाडजूड चाक दिसतं. जवळून पाहिलं तर ती नालीदार कागदाची घट्ट गुंडाळी असते. नळ्या जेमतेम काही मिलिमीटरच्या, पण एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत सरळ आरपार. कागद काचतंतूंचा, आणि त्याच्या अंगातच सिलिका जेल भिनवलेलं. बाकी सगळं ओळखीचं सामान आहे : पत्र्याची पेटी, दोन पंखे, दोन फिल्टर, एक हीटर, चाक फिरवणारी छोटी मोटर आणि तिचा पट्टा. यातलं काहीही बाजारात सुटं मिळतं. चाक मात्र तसं नाही, म्हणून या यंत्राची पारख चाकापासूनच करावी लागते.

चाकाच्या तोंडावर सील लावून दोन भाग पाडलेले असतात. सुमारे तीन चतुर्थांश भागातून खोलीची दमट हवा जाते, सिलिका जेल तिच्यातली वाफ धरून ठेवतं आणि पलीकडे कोरडी हवा निघते. उरलेल्या एक चतुर्थांश भागातून उलट दिशेने साधारण १२० अंश सेल्सिअसला तापवलेली हवा सोडतात. तापलेलं जेल धरलेली ओल सोडून देतं, आणि ती ओली हवा डक्टने इमारतीबाहेर जाते. याला रिअ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. चाक तासाला आठ-दहा फेरे घेतं, म्हणजे नुसत्या नजरेला ते थांबल्यासारखंच वाटतं. उष्णता परत मिळवणारी चाकं मिनिटाला दहा-वीस फेरे घेतात. ती पाहण्याची सवय असलेले तंत्रज्ञ इथे चाक अडकलंय असं समजून मोटर बदलायला निघतात. आधी चाकाच्या कडेला खडूची खूण करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहा.

आकड्यांत बोलू. खोलीत २० अंश आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर एक किलो हवेत ८.७ ग्रॅम वाफ असते. ताशी १००० घनमीटर हवा देणारं यंत्र त्यातली साधारण ५ ग्रॅम काढतं, म्हणजे ताशी ६ किलो पाणी. त्यासाठी ताशी ३३० घनमीटर हवा २० वरून १२० अंशांवर न्यावी लागते आणि त्याला ११ किलोवॅटचा हीटर लागतो. हिशोब केला तर एक किलो पाण्यामागे १.८ युनिटांपेक्षा जास्त वीज, पंखे वेगळे. गार कॉइलवर पाणी गाळणारा साधा डिह्युमिडिफायर उबदार, दमट खोलीत हेच काम त्याच्या एक तृतीयांश विजेत करतो. हे आधी सांगायला हवं, कारण विक्रीच्या पत्रकांत ही तुलना क्वचितच समोरासमोर मांडलेली असते.

मग रोटर घ्यायचाच कशाला? कारण कॉइलचं यश थंडीबरोबर संपतं. खोली १५ अंशांखाली गेली की कॉइलवर बर्फ धरू लागतो आणि यंत्राचा बराच वेळ तो वितळवण्यात जातो. ५ अंशांचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) हवा असेल तर कॉइल त्याहूनही गार ठेवावी लागते, आणि शून्याखालच्या दवबिंदूला ती जवळजवळ निरुपयोगी होते. सिलिका जेलला थंडीची अडचण नाही, उलट थंड हवेतली ओल ते जास्त चांगली धरतं. शीतगृहाचा उंबरठा, नदीचं गार पाणी वाहणाऱ्या नळांचा पंपघर, हिवाळ्यात न तापवलेलं गोदाम, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचं पॅकिंग, लिथियम बॅटरी बनवण्याची अतिकोरडी खोली म्हणजे ड्राय रूम : इथे रोटरला पर्याय नाही. १८ अंशांच्या वर आणि ५० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालत असेल, तर मात्र रोटरचा सल्ला देणाऱ्याला कारण विचारा.

मुंटर्स कंपनी १९५५ मध्ये निघाली, पण या यंत्राची मुळं त्याच्याही मागे जातात. कंपनी काढणारे कार्ल मुंटर्स यांचा जन्म १८९७ चा. स्टॉकहोमच्या रॉयल तंत्रज्ञान संस्थेत शिकताना त्यांनी आणि बाल्टझार फॉन प्लाटेन यांनी १९२२ मध्ये असा फ्रीज मांडला ज्यात कॉम्प्रेसर नाही, किंबहुना हलणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीजाळ्यात, आणि खाली एक ज्योत. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात बाष्प होताना गारवा देतो आणि परत पाण्यात विरघळतो. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने हे हक्क घेतले आणि तो फ्रीज जगभर पोचला. पुढे १९३० च्या दशकात मुंटर्स यांनी पॉलिस्टायरीनचा फेस करून त्याच्या असंख्य बंद कप्प्यांत हवा अडकवली. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीने पुढे त्याचे हक्क घेतले, आणि तो माल स्टायरोफोम म्हणून ओळखला जाऊ लागला.

फ्रीज आणि फेस एकत्र ठेवले की रोटर कुठून आला ते उमगतं. फ्रीजमध्ये पाणी अमोनिया धरतं आणि उष्णतेने सोडतं. फेसात पातळ भिंती आणि बारीक कप्पे. रोटरमध्ये पातळ भिंतींच्या बारीक नळ्या आहेत, त्या ओल धरतात आणि उष्णतेने सोडतात. कंपनी काढली तेव्हा मुंटर्स ५८ वर्षांचे होते. त्यांच्या जोडीने काम करणाऱ्या पेर नोरबेक यांचं नावही सुरुवातीच्या पेटंटांवर आहे. त्या काळी अमेरिकेत नील पेनिंग्टन यांनीही शोषक चाकाने हवा गार करण्याच्या चक्राचं पेटंट घेतलं होतं, तेही १९५५ चंच. कल्पना एकट्या मुंटर्स यांची नव्हती, पण नालीदार चाक सातत्याने, मोठ्या प्रमाणावर बनवण्याची कारागिरी स्वीडनमध्ये उभी राहिली. आमच्या मते कंपनीची खरी मिळकत ती कारागिरी आहे.

पहिली चाकं आजच्यासारखी नव्हती. कागद अ‍ॅस्बेस्टॉसचा आणि त्यात लिथियम क्लोराइड. हे मीठ ओल धरण्यात फार तरबेज, पण चाक दमट हवेत तसंच थांबून राहिलं आणि गरम करणं बंद पडलं की ते स्वतःच विरघळून कागदातून पाझरतं. एकदा वाहून गेलेलं मीठ परत येत नाही. जुन्या यंत्रांना म्हणूनच ‘वीज गेली तरी चाक ओलं ठेवू नका’ अशी सक्त ताकीद असे. अ‍ॅस्बेस्टॉस गेलं, काचतंतू आले, आणि मिठाच्या जागी सिलिका जेल धाग्यांवरच घट्ट बसवलं जाऊ लागलं. ते पूर्ण भिजलं तरी विरघळत नाही, तापवलं की पुन्हा कामाला लागतं. फार खालचा दवबिंदू हवा असेल तर मॉलेक्युलर सीव्हचं, म्हणजे आणखी बारीक छिद्रांच्या शोषकाचं चाक लागतं, त्याला रिअ‍ॅक्टिव्हेशनची हवा आणखी गरम द्यावी लागते. जुनं यंत्र कुणाकडून विकत घेत असाल तर चाकात काय भरलंय ते लेखी मागा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या काळातलं चाक असेल तर त्याला हातही लावू नका, ते काढणं हे परवानाधारकाचं काम आहे.

कंपनीच्या पुढच्या वाटचालीतलं ग्राहकाच्या कामाचं तेवढं सांगतो. अमेरिकेतली कार्गोकेअर ही कंपनी, जिचा मूळ धंदा जहाजांच्या पोटातला माल ओलीपासून वाचवण्याचा, ती मुंटर्समध्ये आली, आणि मॅसॅच्युसेट्समधलं एम्सबरी हे तिथलं ठिकाण झालं. १९९७ मध्ये शेअर स्टॉकहोमच्या बाजारात आले, २०१० मध्ये नॉर्डिक कॅपिटलने कंपनी घेतली, २०१७ मध्ये ती पुन्हा बाजारात आली. २०१० च्या त्या उलाढालीत पूर-आगीनंतर भिजलेल्या इमारती सुकवून देणारा सेवाविभाग वेगळा होऊन पॉलिगॉन झाला. जुनी कागदपत्रं पाहून त्या कामासाठी मुंटर्सकडे विचारणा करणारे अजून भेटतात. आजची मुंटर्स यंत्रं आणि त्यांची देखभाल विकते, भिजलेलं घर सुकवून देत नाही.

आता बसवणीकडे येऊ, कारण या यंत्रांबद्दलच्या बहुतेक तक्रारी चाकामुळे येतच नाहीत.

पहिली चूक ओल्या हवेच्या डक्टची. वरच्याच उदाहरणात बाहेर जाणाऱ्या हवेत प्रत्येक किलोमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते, आणि तिचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास येतो. हा डक्ट २० अंशांच्या खोलीतून उघडा नेला की आतून पाणी सुटणारच. डक्ट वर चढवला असेल तर ते पाणी ओघळत परत यंत्रात, सरळ चाकावर. डक्टला बाहेरच्या दिशेने उतार द्या, लांबी कमीत कमी ठेवा, बाहेरून इन्सुलेशन घाला. वर चढवल्याशिवाय इलाजच नसेल तर सगळ्यात खालच्या जागी बारीक निचऱ्याचं भोक ठेवा. सांधे पाणी धरतील असे हवेत, नुसती टेप पुरत नाही. आणि हा डक्ट जिथे बाहेर पडतो तिथून रिअ‍ॅक्टिव्हेशनची ताजी हवा आत घेऊ नका. दोन्ही तोंडं दोन मीटरवर, एकाच भिंतीत, वाऱ्याच्या दिशेला ठेवलेली आम्ही सर्रास पाहतो. यंत्र स्वतःचीच ओल परत पीत राहतं.

दुसरी चूक उष्णतेचा विसर. २० अंशांची हवा रोटरमधून ४० अंशांच्या आसपास होऊन निघते. त्यातले सुमारे १२ अंश वाफ जेलवर बसताना सुटणाऱ्या उष्णतेचे, उरलेले तापून आलेल्या चाकाने सोबत आणलेले. खोली २० अंशांवरच ठेवायची तर जवळजवळ ७ किलोवॅटची गार कॉइल मागे लावावी लागेल. हे कोटेशनमध्ये नसलं की पहिल्याच आठवड्यात ‘यंत्र खोली तापवतंय’ अशी तक्रार येते. यंत्र ठरल्याप्रमाणेच वागत असतं, हिशोब अर्धवट झालेला असतो.

तिसरी चूक खोलीची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात महागडी. समजा ५०० घनमीटरची खोली आहे, आतमध्ये २० अंश आणि ४५ टक्के हवेत, बाहेर २८ अंश आणि ८० टक्के. फटींतून तासाला अर्धी खोली हवा बदलत असेल तर ताशी ३.८ किलो पाणी आत येतं. दाराच्या खालची फट, केबलची भोकं, छताचे सांधे बुजवून ही अदलाबदल तासाला एक पंचमांश खोलीवर आणली की तेच पाणी १.५ किलोवर येतं. म्हणजे सिलिकॉन सीलंटच्या काही नळ्या आणि दाराचं चांगलं रबर यांनी यंत्राचा आकार निम्म्याहून लहान होतो. भिंतींवर वाफरोधक थर आहे का, फरशीखालून ओल चढते का, माल आत येतानाच ओला असतो का, हे विचारल्याशिवाय यंत्राचा आकार सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माणूस हाही एक ओलीचा स्रोत. काम करणारा माणूस ताशी १०० ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. साध्या गोदामात याने काही बिघडत नाही. पण उणे ४० अंश दवबिंदूच्या ड्राय रूममध्ये एक किलो हवेत फक्त ०.०८ ग्रॅम वाफ असते. हवेतली वाफ ०.१ ग्रॅमनेच वाढू द्यायची असेल तर एका माणसामागे ताशी १००० किलो कोरडी हवा लागते. ड्राय रूममध्ये किती जण जातील याचा आकडा कारखान्याने वाढवला की वीजबिल का उसळतं, ते इथे कळतं.

चालू करताना हा क्रम ठेवा. आधी दोन्ही बाजूंचे फिल्टर जागेवर आहेत ना पाहा, हीटर बंद ठेवून पंखे सुरू करा, चाक फिरतंय का आणि बाणाच्या दिशेनेच फिरतंय का बघा. तीन फेजची मोटर उलटी जोडली तर पंख्याचाही वारा कमी होतो. मग डॅम्परने (डक्टमधल्या झडपेने) दोन्ही हवांचं प्रमाण पत्रकाप्रमाणे लावा. त्यानंतरच हीटर. हवा कमी आणि हीटर पूर्ण असेल तर तापमान मर्यादेबाहेर जाऊन सुरक्षा थर्मोस्टॅट हीटरची वीज तोडतो. लोक तो रीसेट करत बसतात, तेव्हा फिल्टर तुंबलाय किंवा डक्ट दबलाय हे आधी पाहायला हवं. तासाभराने दोन्ही हवा आत येतात आणि बाहेर पडतात त्या चारही जागी तापमान आणि आर्द्रता मोजा. कोरड्या बाजूने जितकं पाणी गेलं, तितकंच ओल्या बाजूला वाढायला हवं. दोन्हींत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर एक तर मोजमाप चुकलंय, नाहीतर सीलमधून हवा गळतेय. गळती नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे होते, म्हणून कोरड्या हवेच्या बाजूला दाब थोडा जास्त असावा. उलट झालं तर ओली गरम हवा कोरड्या हवेत मिसळते.

मोजणारा सेन्सर खोटं बोलत असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. हवाबंद बरणीत साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजेल एवढंच पाणी टाका, वर पाणी तरंगू देऊ नका. सेन्सर आत लटकवून, मिठाला टेकू न देता, स्थिर तापमानात रात्रभर ठेवा. ७५ टक्के दिसायला हवं. मॅग्नेशियम क्लोराइड घेतलं तर ३३ टक्के. दोन्ही ठिकाणी तीन टक्क्यांत असेल तर सेन्सर कामाचा. ह्युमिडिस्टॅट (आर्द्रता पाहून यंत्र चालू-बंद करणारा स्विच) कोरड्या हवेच्या झोतात किंवा दाराशेजारी लावू नका, मालाच्या उंचीवर, हवा फिरते अशा जागी लावा.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवता येत नाही. धूळ असेल तर दर महिन्याला फिल्टर, एरवी तिमाहीला. पट्टा सैल झाला की चाक मधूनमधून थांबतं आणि कोरडी हवा हळूहळू दमट होत जाते, म्हणून वर्षातून दोनदा तो ताणून पाहा. सीलच्या कडा झिजल्यात का आणि चाकाच्या तोंडावर ओरखडे आहेत का, हे टॉर्च लावून बघा. तेलाची वाफ आणि रंगाचे द्रावक हे चाकाचे खरे शत्रू : जेलची बारीक छिद्रं बुजली की तापवूनही मोकळी होत नाहीत. तेलकट कॉम्प्रेसरशेजारी हवेचं तोंड ठेवू नका. चाक नळीच्या धारेने धुण्याचा उत्साह कुणाला आला तर आधी उत्पादकाचं लेखी उत्तर मागवा.

या घराण्याचा दुसरा माल म्हणजे ओल देणारे सेलडेक पॅड. नालीदार कागद तोच विचार सांगतो, फक्त इथे पाणी वरून सोडतात आणि हवा ओली व गार होऊन निघते. पॅडमधल्या नळ्या दोन वेगळ्या कोनांत एकमेकींना छेदतात. ज्या नळ्यांचा उतार जास्त तीव्र, त्या हवा आत येते त्या बाजूला खाली उतरल्या पाहिजेत, म्हणजे वाऱ्याने पुढे ढकललेलं पाणी परत आतल्या तोंडाकडे येतं. पॅड उलटा बसला की खोलीत थेंब उडतात आणि दोष पंपाला दिला जातो. टाकीतलं थोडं पाणी सतत बाहेर सोडत राहा, नाहीतर क्षार साठून कागद दगडासारखा होतो. दिवसातून एकदा पंप बंद ठेवून पंखा चालू ठेवा, पॅड पूर्ण सुकला की शेवाळ धरत नाही.

कोरड्या हवेच्या पद्धतीचं महत्त्व पटवायचं तर लोखंडाकडे पाहा. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर पोलाद झपाट्याने गंजतं, त्याखाली फार हळू. म्हणून डेन्मार्कच्या १९७० च्या लिलेबेल्ट पुलाची पोकळ तुळई आतून रंगवत बसण्यापेक्षा कोरडी ठेवली गेली, आणि जपानच्या १९९८ च्या आकाशी काइक्यो पुलाच्या मुख्य केबलींत कोरडी हवा सोडण्याची सोय केली. यंत्र कुणाचंही असो, तत्त्व हेच. गंज थांबवायचा तर ४५-५० टक्के पुरतात. ३० टक्के मागून वीज दुप्पट करायची गरज नसते.

चाकं आता अनेक जण बनवतात, जपानच्या फुकुओकाची सेईबु गिकेन हेही त्यातलं जाणतं नाव. पेटीवर एकाचा शिक्का आणि आत दुसऱ्याचं चाक असंही असतं. त्यात वाईट काही नाही, पण चाक कुणाचं, त्याचा व्यास आणि जाडी किती, भरण कोणतं, हे कोटेशनमध्ये असावं. कामगिरी एकाच ठरावीक बिंदूला मागा, उदाहरणार्थ २० अंश आणि ६० टक्के, रिअ‍ॅक्टिव्हेशनचं तापमान सांगून. नुसते ‘दिवसाला इतके लिटर’ हे आकडे वेगवेगळ्या हवामानातले असतात, ते शेजारी ठेवू नका. वीज महाग आणि वाफ किंवा गॅस हाताशी असेल तर हीटर त्यावर चालणारा मागा. बाहेर जाणाऱ्या ओल्या हवेतली उष्णता परत घेणारा एक्सचेंजरही विचारा, मोठ्या यंत्रात तो लवकर फिटतो.

आणि बंद करताना मेन स्विच कधीही थेट ओढू नका. हीटरची वीज तुटल्यावर पंखा काही मिनिटं चालत राहतो, तो चाकाला आणि हीटरच्या कॉइलला थंड करण्यासाठी. मधेच वीज तोडली तर चाकाची एकच बाजू तापलेली राहते आणि शेजारचं सील भाजतं. पॅनेलवर ‘पंखा थांबेपर्यंत मेन बंद करू नये’ अशी पाटी पक्क्या शाईने लिहून लावा.